थंडीच्या रकान्यात ‘बरंय की’

“आता चौथा आणि शेवटचा प्रश्न,” फोनवरची मुलगी म्हणाली. “हिवाळ्यात घरात थंडीचा त्रास होतो का?”

“बरंय की,” आउने किवेलाबाई म्हणाल्या.

त्या वेळी त्यांच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती, पायांत मोज्यांचे तीन जोड होते आणि फोन धरलेल्या हातात हातमोजा होता. त्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या, आणि त्या घरात सगळ्यांत ऊब असलेली खोली तीच.

“मॅडम, चार उत्तरं आहेत,” मुलगी म्हणाली. तिचं नाव केंड्रा, आणि ती वीज कंपनीच्या दूर दक्षिणेकडच्या कचेरीत बसत असे. “नाही, थोडा, बराच आणि असह्य. यातलं एक सांगायचं.”

आउनेबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. असह्य म्हणजे जे सहन होत नाही ते. त्या तर या घरात चोपन्न वर्षं सहन करत आल्या होत्या. ‘बराच’ म्हणावं, तर त्यांच्या सासूनं घर बांधून होईपर्यंत दोन हिवाळे परसातल्या साउनात, त्या वाफेनं न्हायच्या एवढ्याशा लाकडी खोलीत, तीन पोरांसह काढले होते. तिनं स्वर्गातून ऐकलं असतं तर काय म्हणाली असती? आणि ‘थोडा’ म्हणणं म्हणजे नुसती कुरकुर.

“तुम्हाला लिहायला सोपं जाईल ते लिहा, बाई,” त्या म्हणाल्या.

केंड्राला ‘नाही’ लिहिणं सोपं गेलं.

आठ दिवसांनी पत्र आलं. घर स्वतःचं: होय. घर जुनं: होय. घर कंपनीच्याच विजेवर तापतं: होय. थंडीचा त्रास: नाही. सबब आपण उबदार घर योजनेस अपात्र आहात. आपला दिवस सुखाचा जावो.

तो दिवस सुखाचा गेला नाही, कारण संध्याकाळी मार्लिसचा फोन आला. मार्लिस ही आउनेबाईंची एकुलती एक मुलगी, मिनियापोलिसला असते. नोव्हेंबरात सणाला आली तेव्हा सकाळी आईच्या उशाशी ठेवलेला पेला तिनं पाहिला होता. पेल्यात आईची कवळी होती आणि कवळीभोवतीचं पाणी गोठून दगड झालं होतं. बर्फाच्या आतून बत्तीस दात मार्लिसकडे बघून हसत होते. तिनं त्याच दिवशी ठरवलं, की एक तर हे घर ऊबदार होईल, नाही तर आई शहरात येईल. तिच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक खोली रिकामी होत होती. जानेवारी संपेपर्यंत ती आईसाठी धरून ठेवली होती.

“आई, एक शब्द! एक शब्द बोलायचा होता तुला! ‘बराच’!”

“खोटं कसं बोलू?”

“खोटं? तुझे दात गोठले होते!”

“दातांना त्रास झाला असेल. मला कुठे झाला?”

“मग ये इकडे चौथ्या मजल्यावर. इथे गरम पाणी, गरम हवा, सगळं आहे.”

“साउना आहे?”

“तळमजल्यावर एक विजेवरचा आहे. बटण दाबलं की सुरू होतो.”

आउनेबाईंनी खिडकीकडे मान वळवली. बटणाचा साउना म्हणजे रबरी गाईचं दूध. खिडकीतून परसातला साउना दिसत होता. बर्फात गुडघाभर बुडालेला, धुरानं काळवंडलेला, पाठीत जरा वाकलेला. आउनेबाईंच्या नवऱ्याच्या, रेइनोच्या, बापानं तो आधी बांधला, घर मागून. रेइनो जाऊन सहा वर्षं झाली. तरी दर बुधवारी आणि शनिवारी आउनेबाई तो पेटवत, खालच्या फळीवर बसत आणि वरची फळी, रेइनोची, पुसून कोरडी ठेवत. ते सोडून चौथ्या मजल्यावर जायचं? पण हे त्या मार्लिसला बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “बघू.”

मार्लिसनं कंपनीकडे दाद मागितली. कंपनीनं कळवलं, की मुलीचं म्हणणं ग्राह्य नाही, उत्तर राहणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या तोंडून आलं पाहिजे. तपासनीस घरी येईल, घराची चाचणी घेईल आणि चौथा प्रश्न समक्ष विचारील. तारीख मिळाली बावीस जानेवारी, गुरुवार.

आता खरी अडचण सुरू झाली. त्या पाइनच्या रानात, तळ्यांच्या काठाकाठानं वसलेल्या, मूळच्या फिनलंडच्या लोकांच्या त्या वस्तीत तक्रार करणं कुणालाच येत नव्हतं. मागच्या वादळात पेक्का निएमीचं छप्पर उडालं, तेव्हा चौकशीला आलेल्यांना तो म्हणाला, “बरंय की. भिंती आहेत.” शेजारच्या रूडी हाकालाचा पाय खाणीत मोडला, तेव्हा त्याला उचलून नेताना तो म्हणाला होता, “बरंय की. दुसरा आहे.” आणि नेमका हा रूडी आउनेबाईंना तक्रार शिकवायला आला.

“हे बघ आउने,” कानपट्ट्यांची टोपी टेबलावर ठेवत रूडी म्हणाला, “मी तपासनीस. मी विचारतो, थंडीचा त्रास होतो का? तू म्हणायचं, ‘मी थंडीनं मरते.’”

“पण मी मरत नाहीये.”

“तसं म्हणायची पद्धत असते.”

“रेइनो मेला. त्याला मरणं म्हणतात.”

रूडीनं कॉफीचा घोट घेतला. “बरं, मरू नकोस. ‘मला हुडहुडी भरते’ एवढं म्हण.”

“परक्या माणसासमोर? उघड्यावर अंघोळ केल्यासारखं वाटेल. तूच करून दाखव आधी. पाय दुखतो का तुझा?”

“बरं…” रूडी म्हणाला आणि जीभ चावली. त्याचा चेहरा लाल झाला. “पाय… म्हणजे… कधी कधी… जिना चढताना… जरासा…”

“पुढे?”

“पुढे उतरताना बरं वाटतं.”

आउनेबाईंनी दोघांचे कप पुन्हा भरले. शेवटी तोडगा निघाला. रूडीनं एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘होय. बराच त्रास होतो.’ ती त्यानं फ्रीजच्या दारावर, माशाच्या आकाराच्या चुंबकाखाली लावली. आउनेबाईंनी फक्त वाचायचं होतं. वाचण्यात कुरकुर नसते.

बावीस तारखेला पारा शून्याखाली तीस अंशांवर होता. घराला थंडी दाखवायची असेल, तर याहून चांगला दिवस शोधून सापडला नसता. रूडी नऊ वाजता खात्री करायला आला, दार उघडलं, आणि त्याच्या चष्म्यावर वाफ चढली.

“आउने! हे काय केलंस?”

स्वयंपाकघरातली बिडाची चूल लालबुंद झाली होती. ओट्यावर वेलदोड्याच्या वेणीपावाच्या तीन लाद्या निवत होत्या. आउनेबाई बिनटोपीच्या आणि उघड्या हातांच्या, फुलाफुलांचा एप्रन बांधून उभ्या होत्या.

“पाहुणा येतोय,” त्या म्हणाल्या.

“अगं, तो थंडी बघायला येतोय!”

“ऐंशी मैलांवरून येतोय. गार घरात बसवू त्याला? विजेचे हीटर बंद केलेत मी, उगाच दोन-दोन कशाला. आणि साउनाही पेटवलाय.”

“आज गुरुवार आहे!”

“पाहुण्याला वार नसतो.”

रूडीनं कपाळाला हात लावला. मग त्याला सुचलं ते त्यानं केलं. मागच्या दोन्ही खोल्यांच्या खिडक्या सताड उघडल्या. घर गार व्हायला निदान तासभर तरी लागणार होता. तपासनीस दहाव्या मिनिटाला आला.

त्याचं नाव डेल सँडविक. चाळिशीचा, उंच, पिवळ्या मिशांचा, आणि वंशानं नॉर्वेजियन. त्यानं आधी शिस्तीत घराला बाहेरून प्रदक्षिणा घातली, मांडीभर बर्फातून पाया तपासला आणि आत येऊन कागदावर पहिली ओळ लिहिली. रूडीनं मान लांब करून ती वाचली: ‘बाहेर उणे तीस. घरात उकाड्यामुळे खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात.’

“अहो, तसं नाही ते,” रूडी म्हणाला.

“मग कसं आहे?”

रूडी मुकाट्यानं जाऊन मागच्या खिडक्या लावून आला.

“कॉफी घे,” आउनेबाई म्हणाल्या.

“नको, कामावर आहे.”

“घे रे, ओतलीय.”

“नको, खरंच नको.”

“अर्धाच कप.”

“बरं, अर्धा,” डेल म्हणाला. तिसऱ्या आग्रहाला हो म्हणायचं असतं, एवढं नॉर्वेजियनांनाही कळतं. त्यानं तीन कप घेतले आणि वेणीपावाची पाऊण लादी खाल्ली. मग त्यानं गाडीतून एक भला मोठा पंखा आणला, आणि चुलीकडे बघून तो थबकला.

“चूल पेटलीय?”

“म्हणजे काय? तुझ्यासाठीच.”

“मग चाचणी नाही करता येणार.” त्यानं समजावून सांगितलं. हा पंखा पुढच्या दारात बसवायचा. तो घरातली हवा बाहेर ओढतो. मग ज्या ज्या फटीतून बाहेरची हवा आत शिरते, ती मोजायची. पण चूल पेटलेली असली, तर धुराड्यातून धूर आणि राख सगळी घरात. “चूल पूर्ण विझून गार झाली पाहिजे. बिडाची आहे, चार तास तरी जातील. मी असं करतो, पुढची तारीख देतो. एप्रिलमध्ये आहे एक.”

एप्रिल!  मार्लिसनं धरलेली खोली जानेवारीअखेर हातची जाणार होती. म्हणजे जायचं तर आताच, आणि राहायचं तर तेही आताच. आउनेबाईंनी एप्रनची गाठ उगाच सोडली, पुन्हा बांधली.

“चार तासच ना?” त्या म्हणाल्या. “थांब मग. चूल मी विझवते. तोवर साउना घे.”

“सॉना? मी? नको.”

“नॉर्वेजियन आहे तो, आउने,” रूडी हवेत बघत म्हणाला. “त्यांना वाफ सोसत नाही. उकडलेला मासा खातात आणि त्यालाच गरम झालं म्हणतात.”

डेलनं कागद खाली ठेवला. “साउना कुठे आहे?” त्यानं विचारलं.

रूडी त्याला घेऊन गेला. आउनेबाईंनी निखारे बादलीत काढून बर्फात ओतले. पांढऱ्या वाफेचा लोट उठला. साउनाच्या धुराड्यातूनही धूर निघत होता, आणि आतून रूडीचा आवाज येत होता, “अजून एक पळी पाणी टाकू का तापल्या दगडांवर? सोसतंय ना?” आणि मग दुसरा, दाबलेला आवाज, “बरंय की.”

वरच्या फळीवर कुणीतरी बसलं होतं. आउनेबाई क्षणभर परसदारी उभ्या राहिल्या. त्यांची सासू साउना पेटवताना म्हणायची ते गाणं किती वर्षांनी ओठांवर आलं:

आधी बांधला साउना, मागून बांधलं घर,
पाहुण्याच्या पाठीवर, वाफेचा पदर…

गुणगुणत गुणगुणत त्या साउनाच्या बाहेरच्या खोलीत गेल्या. तिथे डेलचे कपडे खुंटीला टांगलेले, बर्फानं मांडीपर्यंत भिजलेले, बाहीवर कॉफीचा डाग. साउना घेऊन माणूस बाहेर येणार आणि असले कपडे घालणार? हाताला सवय होती. त्यांनी विजार, सदरा, मोजे उचलले, साबणाच्या पाण्यातून काढले, पिळले आणि परसातल्या दोरीवर वाळत घातले.

दीड तासानं रूडी बाहेर आला आणि दोरीकडे बघत राहिला. विजार दोरीवर ताठ उभी होती. सदऱ्यानं दोन्ही हात पसरले होते.

“आउने, हे वाळणार कधी?”

“थंडीत आधी कडक होतात. मग दोन दिवसांनी झटकले, की कोरडे.”

“दोन दिवस?”

आउनेबाईंनी तोंडावर हात ठेवला. चूल विझवलेली होती. साउनाही निवत आला होता, आणि विजेच्या हीटरांची ऊब ओले कपडे वाळवण्याइतकी कधीच नसायची.

अशा रीतीनं वीज कंपनीचे तपासनीस डेल सँडविक दुपारी दोन वाजता किवेलाबाईंच्या स्वयंपाकघरात बसले होते, ते अंगात रेइनोचा आंघोळीनंतरचा झगा घालून. रेइनो ठेंगणा होता. झगा डेलच्या गुडघ्यापर्यंतही पोहोचत नव्हता. विजार आत आणून कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवली होती आणि ती चौथ्या माणसासारखी निमूट उभी होती.

“चूल गार झाली,” डेल म्हणाला. “चाचणी उरकून घेऊ.”

रूडीनं आणि त्यानं मिळून पुढच्या दारात पंखा बसवला, आणि दार बंद झालं. मागचं दार चाचणीसाठी आधीच लावलेलं. म्हणजे गाडीपर्यंत जायचा रस्ताही बंद. डेलनं बटण दाबलं.

आधी पंखा घरघरला. मग घर बोलायला लागलं. मागच्या खोलीच्या कोपऱ्यातून एक बारीक शीळ आली. दुसरी खिडकीखालून, जाड आवाजाची. विजेच्या बटणांमधून, फरशीच्या सांध्यांतून, माळ्याच्या फळीतून सुर सुर वारा आत येऊ लागला. पडदे आडवे झाले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे महिने फडफडत डिसेंबरपर्यंत गेले. रेइनोची तसबीर खिळ्यावर झोके घेऊ लागली. इतकी वर्षं जे घर ओठ मिटून उभं होतं, ते आज एका दमात सगळं सांगत होतं.

डेलनं यंत्रावरचा आकडा पाहिला, यंत्रावर टिचकी मारली आणि पुन्हा पाहिला. “घर पात्र आहे,” तो म्हणाला. त्याच्या दातांवर दात आपटत होते. “आ-आता फक्त चौथा प्रश्न. किवेलाबाई, थंडीचा त्रास होतो का?”

रूडीनं फ्रीजकडे बोट दाखवलं. आउनेबाईंनी वळून पाहिलं. चुंबकाचा मासा जागेवर होता. चिठ्ठी उडून पंख्यातून केव्हाच रानात गेली होती.

“बरंय की,” आउनेबाई म्हणाल्या.

रूडीनं टोपी डोळ्यांवर ओढली.

“बाई,” डेल कळवळून म्हणाला, “मी तुमच्या तोंडात शब्द घालू शकत नाही. नियम आहे. तुमच्या स्वतःच्या शब्दांत हवंय. याशिवाय कागद पुढे जात नाही.”

आउनेबाईंनी तोंड उघडलं. मिटलं. त्यांना खरंच सांगायचं होतं. जीभ वळत नव्हती. बोलायला शब्द नाही, म्हणून त्या पाहुण्याकडे बघू लागल्या. आणि तेव्हा कुठे त्यांना तो नीट दिसला. उघडे गुडघे जांभळे. मिशांना बारीक बर्फ. ओल्या केसांचे काटे झालेले.

“तुला रे?” त्यांनी विचारलं. “तू गारठलास का?”

डेलनं रूडीकडे पाहिलं. दोन फिन माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याच्या मागे अख्खं नॉर्वे उभं होतं.

“ब-ब-बरंय की,” तो म्हणाला.

“बरंय काय कपाळ!” आउनेबाई कडाडल्या. “ओठ निळे पडलेत तुझे! बरंय म्हणे! हे काय घर आहे? ही चाळण आहे, चाळण! पाहुण्याला बसवायची सोय नाही! त्या उत्तरेच्या भिंतीतून वारा येतो, तो रानातून सरळ माझ्या उशीवर येतो. आतून खिळ्यांच्या टोप्यांवर बर्फ धरतं. मी डोक्याला टोपी घालून झोपते, तीन गोधड्या घेते, सकाळी उठवत नाही. पेल्यात दात गोठतात माझे! सहा वर्षं झाली, त्या खोलीत एकटीची ऊब पुरत नाही रे बाबा… आणि तू म्हणतोस बरंय!”

पंखा घरघरत होता. डेल लिहीत होता. ‘स्वतःच्या शब्दांत’ या रकान्याला दोन ओळी होत्या. त्या भरल्या, मग तो समासात गेला, मग कागद उलटला.

“गोधड्या किती म्हणालात?” त्यानं न बघता विचारलं.

“तीन,” आउनेबाई म्हणाल्या, आणि एकदम भानावर आल्या. त्यांचा चेहरा चुलीसारखा लाल झाला. “अरे… तसं एवढं काही नाही. खोड आता ते.”

“शाईनं लिहिलंय,” डेल म्हणाला आणि पंखा बंद केला.

तो रेइनोची लोकरीची आखूड विजार घालून परत गेला. त्याची स्वतःची गाडीत आडवी मावेना, तेव्हा रूडीनं ती टपावर बांधून दिली. पात्रतेचं पत्र एकोणतीस जानेवारीला आलं. मार्लिसनं चौथ्या मजल्यावरची खोली सोडून दिली. फेब्रुवारीत कामगार आले, त्यांनी भिंतींच्या पोकळीत आणि माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा कापसासारखा भुगा ठासून भरला, फटी बुजवल्या. त्या दिवसापासून पेल्यातलं पाणी पाणीच राहिलं. टोपी खुंटीवर गेली. शीळ घालणारा कोपरा गप्प झाला. घर इतकं शांत झालं, की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आउनेबाईंना पहिल्यांदाच ऐकू आली. बुधवारी आणि शनिवारी त्या साउना पेटवत, खालच्या फळीवर बसत आणि वरची फळी कोरडी पुसत.

मार्चमध्ये केंड्राचा फोन आला.

“मॅडम, काम झाल्यावर आम्ही चौकशी करतो. आता घर कसं आहे?”

“बरंय की,” आउनेबाई म्हणाल्या.

पलीकडे कळफलक वाजला. मग थांबला. “मॅडम, पहिल्या अर्जाच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात. आधी ‘बरंय की’, नंतर ‘बरंय की’, दोन्हींचं मी लिहिलं ‘त्रास नाही’. संगणक फोनवरचीच उत्तरं ताडतो, म्हणजे फरक शून्य. असं असलं, की तपासनीस पुन्हा पाठवावा लागतो. दिवसभराचं काम असतं. की फरक पडलाय? तसं एका शब्दात सांगितलंत, तरी मी इथेच बंद करते.”

एक शब्द. आउनेबाईंना तो येत होता. जानेवारीत त्या शिकल्या होत्या. त्यांनी खिडकीतून परसाकडे पाहिलं. बर्फ खाली बसत चाललं होतं. साउनाच्या दाराशी रूडीनं फोडलेल्या लाकडांची रास होती.

“आता एका शब्दात काय सांगायचं, बाई,” त्या म्हणाल्या. “तुमचा माणूसच येऊन बघेल तर बरं.”

“गुरुवार चालेल?”

“पाहुण्याला वार नसतो,” आउनेबाई म्हणाल्या, फोन ठेवला आणि वेलदोडे कुटायला घेतले.